एका रेषेतले आठ पाम

अण्णा,

आज सुट्टी होती आणि सकाळीच एका बंगल्यातून बोलावणं आलं. लातुरात आता बंगला बांधला की फाटकापासून दारापर्यंत पाम लावायचे, अशी रीतच पडली आहे. दारात टँकर उभा असतो, भांडी घासायला किती पाणी घेतलं यावरून घरात वाद चाललेला असतो आणि पामच्या आळ्यात मात्र पाइप सोडलेला असतो. मी कृषी खात्यात आहे. तूर, हरभरा, सोयाबीन हे माझं रोजचं काम, पण बंगलेवाल्यांना त्याच्याशी काही घेणंदेणं नसतं. पाम पिवळे पडले की ते मला मोबाइलवर फोटो पाठवतात. खरं तर फोटोवरूनच पुष्कळसं कळतं. शेंड्यातून निघालेलं नवं पान आधीच्या पानापेक्षा लहान असलं आणि त्यानंतरचं त्याहून लहान असलं, की झाड आतून मिटत चाललं आहे असं समजावं. तरीही मी प्रत्येक ठिकाणी जाते, गुडघे टेकते आणि बुडाशी हात घालून बघते. माझ्या नवऱ्याला वाटतं मला झाडांचं वेड आहे. मी त्याला तसं वाटू देते.

आजचे मालक म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. सहा पामांपैकी तीन गेले होते आणि उरलेल्या तिघांची पानं खालून तांबूस होत चालली होती. शेजारी त्यांचा माळी उभा होता, पिकल्या दाढीचा, गावातल्या बागा बघण्यात सगळी उमर घालवलेला. सगळे त्याला चाचा म्हणतात. मुख्याध्यापक त्याच्या समोरच मला सांगत होते की याला काही कळत नाही, पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघतो. चाचा टोपी हातात घेऊन उभा होता. मी खुरप्यानं माती उकरायला लागले. वीतभर गेले तरी मुळं लागेनात, नुसतं खोडच लागत होतं. तेव्हा चाचा माझ्याजवळ वाकला आणि मालकाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "म्याडम, खोल गेले काय?"

मी खुरपं खाली ठेवलं. मग मी उठून मालकांना स्पष्ट सांगितलं की पाम लावतानाच खोल गेले आहेत, चाचांनी ते मनानं केलेलं नसणार, कोणी लावायला सांगितलं ते आठवा. तेव्हा निघालं, की वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या जावयानं सगळी झाडं एका उंचीची दिसावीत म्हणून हट्ट धरला होता. मालक ओशाळले. उरलेल्या तिघांच्या बुडाची माती काढायला मी चाचाला दाखवून दिलं, दोन तरी वाचतील असं म्हटलं, चाचाचं काम टिकलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. मुख्याध्यापकांच्या घरचा चहा मला गेला नाही. एका परक्या माणसासाठी जे मी पाच मिनिटांत केलं, ते तुमच्यासाठी तुम्ही जिवंत होता तोवर मला करता आलं नाही. ते आज लिहावं म्हणते.

बिलोलीच्या त्या सरकारी ऑफिसात तुम्ही मी शाळेत जायच्या आधीपासून माळी होता. रोजंदारीवर. मस्टरवर तुमचं नाव दर महिन्याला नव्यानं लिहिलं जायचं आणि ते लिहिलं गेलं का, हे बघायला तुम्ही पहिल्या तारखेला जरा लवकर निघायचा. आपल्या वस्तीत कायम नोकरीची दोनच घरं होती. तिसरं आपलं होणार, असं मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. आई कुठलीही गोष्ट त्या शब्दाला बांधून ठेवायची. हे कायम झाले की पत्रे काढून स्लॅब टाकायचा. हे कायम झाले की मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणार नाही. तुम्ही यावर कधी काही बोलत नव्हता. तुम्ही फक्त बाग चांगली ठेवायचा. बोलून मिळत नाही ते कामानं मिळेल, असं तुम्हाला मनापासून वाटत असावं.

मी शाळेतून घरी न जाता तुमच्याकडे यायची. फाटकाजवळ कुंड्यांमध्ये बुटके पाम होते, झुडपासारखे वाढणारे. एकदा मोठे साहेब येणार म्हणून तुमची धावपळ चालली होती आणि तुम्हाला मदत करावी म्हणून मी कात्री घेऊन त्यांची सगळी पिवळी पानं छाटून टाकली. कुंड्या कशा स्वच्छ दिसायला लागल्या. तुम्ही आलात, पाहिलंत आणि तुमचा चेहरा असा झाला की मी कात्री खाली ठेवली. तुम्ही ओरडला नाहीत. पिवळं पान वाळून आपोआप गळेपर्यंत ठेवायचं असतं, झाड त्याच्यातलं सत्त्व काढून नव्या पानाला देत असतं, ते आपण काढून घेतलं तर झाड उपाशी राहतं, एवढं सांगितलंत. पुढे कॉलेजात हेच मला इंग्रजी नावं लावून शिकवलं, तेव्हा मी बाकावर बसून हसले होते. जयंतीला विहारापुढे कमान करायला वस्तीतले लोक तुमच्याकडे झावळ्या मागायचे, तेव्हाही तुम्ही गळालेल्याच द्यायचा. हिरव्या मागणाऱ्याशी तुम्ही एकदा चांगले भांडला होता.

मला लातूरच्या शेतकी कॉलेजात प्रवेश मिळाला, त्या दिवशी तुम्ही मला दोन लोखंडी खुंट्या आणि त्यांना गुंडाळलेली सुतळी दिलीत. मेंदीची, गुलाबांची ओळ धरायला तुम्ही वापरायचा तीच. मला जरा हसू आलं होतं, कॉलेजला जाणाऱ्या मुलीला कोणी सुतळी देतं का. तुम्ही म्हणालात की ओळ धरायची ती जमिनीवर धरायची, वरचं झाड आपलं आपण बघतं. मी ती पेटीत तळाशी टाकली. वस्तीत तुम्ही भेटेल त्याला सांगत होता की पोरगी शेतकीची साहेब होणार, आणि आई तुम्हाला गप्प बसवत होती.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी होते. ऑफिसची नवी इमारत झाली होती, उद्घाटनाला मोठा पाहुणा येणार होता आणि साहेबांनी आंध्रातून आठ बॉटल पाम मागवले होते. पुढच्या वर्षी नांदेडला कायम करायच्या माणसांची यादी जायची होती. साहेबांनी तुम्हाला सांगितलं होतं की हे आठ पाम जगवून दाखव, तुझं नाव मी स्वतः लिहितो. तुम्ही खड्डे घेऊन ठेवले. आपली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून तळाला मुरूम टाकला, शेणखत कालवलं. आणि ट्रक यायच्या आदल्या दिवशी जळकोटहून आत्याचे मालक गेल्याचा निरोप आला. तुम्हाला जावंच लागलं. जाताना साहेबांना म्हणालात, पोरगी हाय ना माझी, ती शेतकीचं शिकून राहिली, ती लावते. तुम्हाला परत यायला पाच दिवस लागले.

ट्रकातून उतरले ते पाम सारखे नव्हते. काही माझ्या डोक्याएवढे, काही त्याहून हातभर उंच. साहेब स्वतः उन्हात उभे होते आणि त्यांना एकच काळजी होती, की उद्घाटनाच्या फोटोत झाडं वरखाली दिसतील. ते मला म्हणाले, तू शिकलेली आहेस, काही तरी कर, एका रेषेत दिसले पाहिजेत. मला तोवर कुठल्या साहेबानं असं विचारलं नव्हतं. मी घरी जाऊन पेटीतून तुमची सुतळी काढून आणली, दोन बांबू उभे केले आणि सुतळी वर बांधली, जिथून पामची हिरवी मान सुरू होते त्या उंचीवर. जो पाम सुतळीच्या वर गेला, त्याचा खड्डा मजुरांकडून आणखी खोल करून घेतला. सगळ्यात उंच दोघं गुडघाभर मातीत गेले. मधले तिघं वीत-दीड वीत, उरलेले तिघं चार बोटं. संध्याकाळी मी फाटकाशी उभी राहून पाहिलं तर आठही शेंडे एका रेषेत होते. साहेबांनी मान डोलावली आणि चपराशाला सांगून मला ऑफिसातल्या खुर्चीवर बसवून चहा दिला. तुम्ही त्या ऑफिसात इतकी वर्षं होता, पण तुम्हाला कधी खुर्चीवर बसून चहा मिळाला नसेल.

उद्घाटन झालं, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. जळकोटहून एसटीनं उतरून घरी न येता थेट तिकडे. मी तिथंच होते, तुम्ही कौतुक कराल म्हणून वाट बघत. तुम्ही ओळ पाहिलीत, हसलात, प्रत्येक झाडाच्या खोडावरून हात फिरवत शेवटपर्यंत गेलात. मग परत आलात आणि सगळ्यात उंचापाशी, म्हणजे ट्रकातून उतरताना जो सगळ्यात उंच होता त्याच्यापाशी, उकिडवे बसलात. बॉटल पामचं बुड खाली सुजल्यासारखं फुगलेलं असतं. इथे मातीतून सरळ खोडच वर आलेलं होतं. तुम्ही तिथली माती बोटांनी थोडी बाजूला केलीत आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, "खोल तर न्हाई ना गेले गं?"

मी म्हणाले, "न्हाई अण्णा. ही जातच तशी असती. पुस्तकात हाय."

तुम्ही माती परत सारखी केलीत, हात झटकलेत आणि म्हणालात, हाव, पुस्तकात असंल. आणि उठलात. तुम्ही तिसरी शिकलेले होता. माझ्या पुस्तकांवर तुमचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. त्यानंतर जो कोणी विचारी त्याला तुम्ही सांगायला लागलात की ही निराळी जात हाय, हिला बुड येत न्हाई, माझ्या पोरीनं लावले हायत.

मग पाऊस आला आणि काळ्या मातीत पाणी बसून राहिलं. दिवाळीला मी आले तेव्हा जो सगळ्यात उंच होता त्या पामनं नवं पान काढलं होतं, ते हातभरसुद्धा नव्हतं. तुम्ही सगळं करून पाहिलंत. वाळवी असेल म्हणून निंबोळी पेंड घातलीत. पाणी जास्त होतं म्हणून चर काढलात, मग पाणी कमी पडलं म्हणून उन्हाळ्यात हापशावरून सायकलला कॅन लावून वाहिलंत. खोडांना ऊन लागू नये म्हणून ओली पोती बांधलीत. बोअरचं पाणी खारं म्हणून पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवलंत. कोणी सांगितलं ते केलंत. फक्त बुडाशी खणून पाहिलं नाहीत, कारण त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं होतं. त्या दिवाळीपर्यंत आम्हाला कॉलेजात पामची लागवड शिकवून झाली होती. खोल गेलेला पाम लगेच मरत नाही, वर्ष-दोन वर्षं उभा राहून मरतो, आणि लवकर लक्षात आलं तर माती काढून वाचवता येतो, हे मी माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. तुम्ही मला विचारलंत, तुमच्या कॉलेजात काही औषध मिळतं का. मी म्हणाले, मिळतं. पुढच्या खेपेला मी एक पांढरी पावडर आणली, पाण्यात मिसळून फवारायची. काही नव्हतं त्यात, साधं सूक्ष्म अन्नद्रव्य होतं, पानं आठ दिवस हिरवी दिसावीत एवढंच. तुम्ही ती पुडी शर्टाच्या खिशात ठेवलीत आणि वरून खिसा दाबून पाहिलात.

पहिला गेला तो सगळ्यात उंच. मग दुसरा उंच. मग मधले. ज्या क्रमानं मी त्यांना पुरलं होतं त्याच क्रमानं ते गेले, आणि हे फक्त मला दिसत होतं. पाचवा वाळला तेव्हा साहेबांनी खोडं काढून टाकायला सांगितलं आणि स्वतः बघायला येतो म्हणाले. यादीवर तुमच्याबद्दल शेरा लिहायचा राहिला होता. तेव्हा मी परीक्षा संपवून घरी आले होते. तुम्ही मला चल म्हणाला नव्हतात, मीच आले. कदाचित खोड काढताना तुम्हाला कळणार नाही, अशी मला आशा होती. लोकांना किती वेड्या आशा असतात.

दोन मजुरांनी पहिलं खोड हलवून आडवं केलं. मातीतला भाग वेगळा दिसत होता, काळा, ओला, बोट लावलं की आत जाईल असा, आणि तो बरोबर गुडघाभर होता. त्याच्या खाली फुगीर बुड होतं. बॉटल पामला असतं तसंच. तुम्ही खड्ड्याच्या काठावर बसलात. आत हात घातलात आणि तसेच बसून राहिलात. मजूर विडी पेटवायला बाजूला गेले. मी तुमच्यापासून चार पावलांवर उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहाल असं मला वाटत होतं, पण तुम्ही पाहिलं नाहीत. मला आता वाटतं, तुम्ही मुद्दामच पाहिलं नाहीत.

साहेब आले. त्यांनी आडवं पडलेलं खोड पाहिलं आणि त्यांनाही ते समजलं, समजायला काही विशेष अक्कल लागत नव्हती. इतकं खोल कोणी लावलं, असं त्यांनी विचारलं आणि त्यांची नजर माझ्याकडे वळायला लागली. तुम्ही खड्ड्यापासून उठलात आणि आम्हा दोघांच्या मध्ये आलात.

"पोरीनं बरोबर लावले होते साहेब," तुम्ही म्हणालात. "मी जळकोटहून आलो अन् वाऱ्यानं पडतील म्हणून मीच माती चढवली. चूक माझी हाय."

माती चढवली असती तर तिथली जमीन उंच दिसली असती, अण्णा. जमीन तर सपाट होती, आजूबाजूच्या हिरवळीशी सारखी. एवढं साधं साहेबांनी पाहिलं नाही. त्यांना कारण हवं होतं आणि तुम्ही ते त्यांच्या हातात दिलंत. ते म्हणाले, इतकी वर्षं बागेत काढून एवढं कळत नसेल तर मी काय लिहू. तुम्ही म्हणालात, बरोबर हाय साहेब. माझ्या घशाशी शब्द आले होते असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे काही आलं नव्हतं. मी खाली बघत होते आणि माझ्या मनात एकच होतं, की आता मला कोणी काही विचारणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटलं हे खरं आहे.

यादी तुमच्या नावाशिवाय गेली. पुढच्या यादीपर्यंत नियम बदलले आणि मग यादीच निघाली नाही. तुम्ही त्याच आवारात रोजंदारीवर राहिलात. उरलेल्या तीन पामांच्या बुडाची माती तुम्ही काढलीत आणि ते जगले, मी मध्ये एकदा बिलोलीवरून जाताना बसमधून पाहिले, इमारतीच्या वर गेले आहेत. मी पास झाले, खात्यात लागले, आणि ज्या शब्दाची आपल्या घरात इतकी वर्षं वाट पाहिली तो माझ्या नावापुढे लागला. मी पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही आदेशाचा कागद हातात घेतलात आणि त्यावर 'कायम' कुठे लिहिलंय ते मला दाखवायला लावलंत. मी बोट ठेवलं. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात. तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतर नांदेडच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी मी अकरा दिवस होते, तेव्हाही सांगता आलं असतं. तुम्हाला धाप लागायची, बोलवत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. याच्यापेक्षा चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी तुम्हाला मोसंबीचा रस पाजला आणि ऑफिसातल्या गमतीजमती सांगितल्या.

आणखी एक आहे, जे तुम्हाला खड्ड्यात हात घालूनही कळलं नसेल. त्या दिवशी ट्रकबरोबर रोपवाटिकेचा एक म्हातारा माणूस आला होता. झाडं उतरवताना त्यानं मला प्रत्येकाच्या बुडावरची सूज दाखवली, हातानं माती तिथपर्यंतच अशी खूण केली आणि दोनदा म्हणाला, लोतु वद्दु अम्मा, लोतु वद्दु. खोल नको. बिलोलीत वाढलेल्या माणसाला एवढं तेलुगू कळतं. मला ते नीट कळलं होतं. साहेब जवळ उभे होते आणि शिकलेली मी होते, म्हणून मी त्याला हो म्हटलं आणि तो चहाला गेल्यावर मजुरांना आणखी खणायला सांगितलं. म्हणजे नकळत झालं, लहान होते, असं म्हणायचीही सोय नाही.

आई आता माझ्याकडेच असते. ऐंशी पार केली तिनं. गुडघे गेलेत, पण आवाज तोच आहे. आज मी बंगल्यातून आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई तिच्याजवळ बसल्या होत्या. कुठं गेली होतीस म्हणून तिनं विचारलं, मी पाम बघायला म्हटलं, आणि ती सुरू झाली. हे मी शंभर वेळा ऐकलं आहे, तुम्हीही जिवंत असताना ऐकलं आहे, भाकरी खाता खाता, मान वर न करता. ती त्या बाईंना सांगत होती, "हिनं कालेजात असताना आठ पाम लावले होते, असे सरळ, दोरीत. अन् हिच्या बानं येऊन माती चढवली. उभा जन्म बागंत गेला, अन् येवढं कळलं न्हाई त्या माणसाला. न्हाईतर आज मला पेन्शन असती, लेकीच्या दारात बसावं लागलं नसतं."

त्या बाई माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. मी हातात कपांचा ट्रे घेऊन उभी होते. आई म्हणाली, मेल्यावरबी राग येतो बघा मला त्यांचा. मी म्हणाले, आई, चहा गार होतोय.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले, की आता तुम्हीच नाही तर कोणाला सांगायचं. ते खोटं आहे. सांगायला माणूस आहे. ती पलीकडच्या खोलीत पाय चोळत बसली आहे आणि तिला खरं कळलं तर मरायच्या आधी तिच्या मनातला तुमच्याबद्दलचा राग तरी जाईल. मी उठून चार पावलं गेले तरी पुरे. गेले नाही. हे लिहीत बसले आणि लिहून झाल्यावर तिच्यापासून कुठं लपवायचं याचीही मला काळजी नाही. टेबलावर उघडं ठेवलं तरी चालेल, कारण आईला वाचता येत नाही.